ढोले डॉक्टरांचं कडू रक्त

ढोले डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदा भेटले असते तर त्यांनी नमस्कार केला नसता. आधी तुमच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, सणसणीत थाप पडली असती. ती थाप प्रेमाची नसते, हे कळायला मला बराच काळ लागला. दावणीच्या जनावराजवळ मागून जाताना त्याला आपली चाहूल लागावी, दचकून त्यानं लाथ घालू नये, म्हणून ती मारायची असते. मी लाथ घातली नाही. त्यामुळे ते पुढे सरकले, माझा कान धरून उलटा केला, अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी ओढली, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि टेम्पोतून माझं सामान उतरवणाऱ्या हमालांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रक्त कमी हाये. दात मातर चांगले हायेत. येऊ द्या."

अमरावतीच्या आमच्या कॉलनीत माझा प्रवेश असा मंजूर झाला.

त्यांचं नाव गुणवंतराव. डॉक्टर ही पदवी त्यांना ना विद्यापीठानं दिली होती, ना सरकारनं. सरकारदरबारी ते पशुधन पर्यवेक्षक. सारी नोकरी अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याकडच्या गुरांच्या दवाखान्यांत गेली. तिकडच्या शेतकऱ्यांनी त्यांना डॉक्टर म्हटलं, आणि एकदा मिळालेली वस्तू परत करण्याची ढोल्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. निवृत्त झाल्यावर ते पेन्शन, एक स्टीलची पेटी आणि सुशीलाकाकू यांच्यासह अमरावतीला आले. तेल्हाऱ्याजवळचं शेत मात्र ठेवलं. पेटीत कात्र्या, सुया आणि एक बारीक टोकाचा चिमटा होता. काकूंपेक्षा त्या पेटीशी ते जास्त बोलत, असं काकूच सांगत.

माणसांच्या डॉक्टरांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. कॉलनीत कोणी दवाखान्यातून येताना दिसला की ते त्याला फाटकाशीच अडवत.

"काय म्हणे डॉक्टर?"

"विचारलं, काय होतंय म्हणून."

"पाय! इचारलं!" त्यांच्या बोलीत पाय म्हणजे पाहा. मग आजूबाजूला जो असेल त्याच्याकडे वळून ते म्हणत, "पाचशे रुपये घेते अन् पेशंटलेच इचारते. आमी कोणाले इचारावं? बैल बोलते का? गाय सांगते का, का बाई गं, मांगच्या डाव्या थनात ठणकते? नाई सांगत. आमी पायतो. हात लावतो. अन् सांगतो."

या सिद्धान्ताचा परिणाम असा की ढोले डॉक्टर कोणालाच काही विचारत नसत. तुम्ही कसे आहात, हे ते तुम्हाला सांगत. माझ्या भाचीला पाहायला मुलगा आला, तेव्हा चहा पोहे होईपर्यंत ते कोपऱ्यात गप्प बसले होते. मुलगा हात धुवायला उठला. त्यांनी त्याला बेसिनपर्यंत जाताना आणि परत येताना पाहिलं आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "उजव्या मांगच्या पायात खोट हाये." मुलाच्या आईचा चेहरा उतरला. मुलानं बिचाऱ्यानं मोजा काढून दाखवला. बूट नवा होता, टाचेला फोड आला होता. लग्न जमलं, पण तो जावई अजून आमच्याकडे आला की चपला घालूनच येतो.

माणसांच्या जातकुळ्याही त्यांनी गुरांवरूनच लावल्या होत्या. कष्टाळू माणूस म्हणजे गवळाऊ. दिसायला देखणा, कामाला शून्य, तो प्रदर्शनातला खिल्लारी, फक्त उभा करायचा. आणि आमच्या शेजारचे जोशी, पुण्याहून बदलून आलेले बँकेचे मॅनेजर, ते जर्सी. "पंख्याखाली बांधा लागते," असं डॉक्टर मला त्यांच्यासमोर सांगत. जोशींना पहिले काही महिने हे कौतुक वाटे. जर्सी जास्त दूध देते, इतकंच त्यांना ठाऊक होतं.

आता गोचिडींकडे वळतो, कारण डॉक्टरांचं खरं साम्राज्य तिथे होतं.

आमच्या कॉलनीतली काही मंडळी रविवारी पहाटे पोहऱ्याच्या जंगलाच्या बाजूला फिरायला जातात. निघताना देखणी दिसतात. तिकडे गुरं चरतात, गवत गुडघ्याएवढं असतं, आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला पुढचे पाय पसरून एखादी गोचीड तुमची वाट पाहत बसलेली असते. परतल्यावर कॉलनीतल्या मारुतीच्या पाराशी, नळाजवळ, डॉक्टर आम्हाला रांगेत उभं करत. शर्ट काढायचे, मोजे उलटे करायचे, पँट गुडघ्याच्या वर. बायकांची तपासणी ढोल्यांच्या बैठकीत दार लावून काकू करत. ती जास्त कसून आणि कमी आवाजात होई. आमची मात्र भर रस्त्यावर. दूधवाला थांबून बघे. शाळेची रिक्षा हळू होई.

"डास गानं म्हनत येते," डॉक्टर रांगेसमोरून येरझारा घालत सांगत. "मुंगी चावली का तू बोंबलते. हे बाई काहीच नाई बोलत. गुपचूप येते, जागा पायते, तोंड खुपसते, अन् जेवत बसते. तुले पत्ता नाई. म्हनून पाहा लागते. कानामांगं पाय. मानंवर, केसाच्या मुळात पाय. काखेत, बेंबीत, नाडीखाली, गुडघ्याच्या लवणीत. अन् जठी तुले लाज वाटते, तठी आधी पाय. तिले लाज नसते."

मान वाकवून उभं राहायचं, हा नियम. थाप बसली की पुढच्याची पाळी.

गोचीड सापडली की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई. आवाज मऊ होई, बोटं हलकी होत. काकूंनी ती बोटं इतकी हलकी कधी पाहिली नसावीत. चिमट्याची टोकं कातडीला टेकवून गोचिडीला अगदी तोंडाशी धरायचं. फुगलेलं पोट दाबायचं नाही. मग सरळ वर, सावकाश, एका ओढीत. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. निघाली की साबण आणि पाणी. आणि शेवटी तंबी ठरलेली: "आता दोन आठवडे आंगाकडं ध्यान ठेवजो. ताप आला, आंगावर पुरळ आलं, तं सिद्धा डॉक्टरकडं जाजो अन् सांगजो का गोचीड लागली होती. हे जो लपवते ना, तो ढोरापेक्षाबी ढोर."

हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

जोशी पहिल्याच पावसाळ्यानंतर सापडले. ते रविवारी आमच्याबरोबर आले, पण रांगेत उभे राहिले नाहीत. भर चौकात उघडं होणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. संध्याकाळी पट्ट्याखाली काहीतरी लागलं म्हणून आरशात पाहिलं, तर तीळ. रात्रीपर्यंत तिळाला पाय फुटले. त्यांनी पुण्याला आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, रॉकेल लाव. रॉकेल आता कुठे मिळतं? कोणाच्या तरी जुन्या स्टोव्हच्या तळाशी उरलेलं त्यांनी मिळवलं, लावलं. गोचीड हलेना, म्हणून पेटती उदबत्ती लावली. गोचीड तरीही हलली नाही. जोशी मात्र पुष्कळ हलले.

दुसऱ्या दिवशी ते लंगडत पाराशी आले. डॉक्टरांनी वास घेतला. नाकपुड्या फुगल्या.

"राकेल?"

"हो. म्हणजे, घरगुती उपाय म्हणून..."

"अन् हे भाजल्यावानी काय हाये?"

"उदबत्ती."

डॉक्टरांनी पाराभोवतीच्या सगळ्यांना हातानं जवळ बोलावलं. पेपर वाचणारे म्हातारे उठून आले.

"या, पाहा. बँकेचा मॅनेजर हाये. इंग्रजी बोलते. गोचिडीले राकेल लावते अन् उदबत्ती ओवाळते. आरतीच तेवढी राहिली! अहो जोशी, तिचं तोंड तुमच्या आंगात हाये. तुमी तिले चटका देला. ते घाबरते. घाबरली का पोटातलं सारं तुमच्याच रक्तात ओकते. गोचीड काढाले चिमटा लागते अन् धीर लागते. राकेल कोन लावते? ज्याच्याकडं दोन्ही नाई, तो."

"अहो ढोले, ही काय बोलायची पद्धत झाली?" जोशी लाल होऊन म्हणाले.

"तुमी मान वाकवा," डॉक्टर म्हणाले आणि पाठीवर थाप मारून कामाला लागले.

जोशींनी मान वाकवली. त्या दिवसापासून डॉक्टरांच्या प्रत्येक व्याख्यानाचा शेवट जोशींवर होऊ लागला. कोणाला चिमट्याची भीती वाटली, की "जोशींची आत्या बोलावू का?" जोशी हसत. ओठांनी.

या साम्राज्याचा एक घटनात्मक नियम होता. डॉक्टर स्वतः रांगेत उभे राहत नसत. त्यांना गोचीड लागतच नसे.

"माह्यं रक्त कडू हाये," ते सांगत. "मायनं लहानपनी रोज कडूनिंबाचा रस पाजला. नोकरी केली ते गोचिडीतच केली. गाईच्या आंगावर मसुरा सांडल्यावानी गोचिडी, अन् म्या मधोमध उभा. एक नाई लागली. येते, वास घेते, वापस जाते."

"रक्त कायचं कडू," काकू आतून म्हणत, "जीभ कडू हाये यायची."

पण आम्ही मानलं होतं. बाहेरगावचा पाहुणा फिरायला आला की आम्ही डॉक्टरांकडे बोट दाखवून सांगायचो, या माणसाला गोचीड चावत नाही. एखाद्या गावाला जसा किल्ला असतो, तसं आमच्या कॉलनीला हे रक्त होतं. ज्यानं सगळ्यांचे शर्ट काढले, त्याच्या कॉलरचं बटण उघडून पाहायचं कोणाला सुचलं नाही.

या साम्राज्याबाहेर एकच मुलगी होती, कोपऱ्यावरच्या राऊतांची मृणाल. ती मेडिकलला लागली तेव्हा पेढे घेऊन आली. डॉक्टरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "मानसाचीच झाली का? अरेरे. म्हंजे तूबी इचारून इचारूनच इलाज करशीन."

"काका," मृणाल म्हणाली, "तुमचं काम सोपं होतं. बैल बोलत नाई, पन खोटंबी बोलत नाई. आमचे पेशंट बोलते, तोच तं वांधा हाये."

डॉक्टरांनी दुसरा पेढा उचलला.

पुढे काही वर्षांनी, दिवाळीच्या आधी, आमची मंडळी नरनाळ्याच्या किल्ल्यावर गेली. पावसाळा चांगला झाला होता. गवत कंबरेला लागत होतं. डबे सोडले, जेवलो, आणि डॉक्टर आपला दुपट्टा डोक्याखाली घेऊन त्या गवतातच आडवे झाले. जोशी चटईवर, पायांत मोजे, मोज्यांत पँट, पँटवर कसलंसं मलम, असे बसले होते. डॉक्टर एक डोळा उघडून त्यांना म्हणाले, "जोशी, आंगावर डांबर लावून घ्या ना." आणि घोरू लागले. खाली गाडीपाशी रांग झाली, तपासणी झाली, प्रत्येकाला थाप बसली. डॉक्टर तिथूनच तेल्हाऱ्याला शेतावर गेले. सोयाबीन काढायचं होतं. आम्ही अमरावतीला परतलो.

शेतावरून ते रोज सकाळी आमच्या ग्रुपवर आवाजात निरोप पाठवत. कोणता ढग कसा, भाव काय, आणि जोशी कसे आहेत. मग निरोप आखूड होत गेले. एके दिवशी नुसता खोकला आला. मग तोही बंद झाला. शेवटी शेतावरच्या सालदाराचा काकूंना फोन आला. डॉक्टर तापानं फणफणलेत, खात नाहीत, आणि दवाखान्याचं नाव काढलं की शिव्या देतात.

मोठी गाडी कॉलनीत जोशींचीच. त्यांनी लगेच ती काढली. काकू मागे, मी पुढे. शेतावर पोचलो तर डॉक्टर बाजेवर पडलेले. ऑक्टोबरचं ऊन, वर तापलेली टिनं, आणि गळ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळलेला.

"काहून आले तुमी सारे?" त्यांनी विचारलं. विचारलं! ढोले डॉक्टरांनी!

आम्ही त्यांना उचलून अकोल्याला आणलं. मृणाल तोवर डॉक्टर होऊन तिथल्याच एका हॉस्पिटलात होती. सलाइन लागलं, रक्त तपासलं. मलेरिया नाही. डेंग्यू नाही. ताप उतरेना. संध्याकाळी डॉक्टरांनी जोशींना 'साहेब' म्हटलं आणि उठून बसत, गावातल्या किती गुरांना लाळ्या खुरकुताची लस टोचून झाली, याचा अहवाल द्यायला सुरुवात केली. जोशी हात जोडून ऐकत राहिले. काकूंनी खाटेचा दांडा धरला होता. आयुष्यभर नवऱ्याच्या बोलण्यात फोडणी टाकणाऱ्या काकू मृणालला एवढंच म्हणाल्या, "बाई, यायले परत ने घरी. मले काही नको दुसरं."

मृणालनं आम्हाला बाहेर घेतलं.

"जंगलात गेले होते ना? गोचीड वगैरे लागली होती का? असेल तर मला वेगळं औषध लगेच सुरू करायला हवं. तसा ताप असेल तर थांबून चालणार नाही."

आणि इथे, वाचकहो, आमच्या कॉलनीनं जी एकी दाखवली, तिला तोड नाही.

"छे!" मी म्हणालो. "त्यांना गोचीड लागत नाही."

"रक्त कडू आहे त्यांचं," जोशी म्हणाले. होय, जोशी! ज्यांना त्या रक्ताच्या धन्याकडून वर्षानुवर्षं टोमणे बसले, ते पुण्याचे जोशी अकोल्याच्या हॉस्पिटलात उभे राहून शपथेवर सांगत होते. "म्हणजे शास्त्रीय कारण मला ठाऊक नाही, पण अनुभव आहे आमचा."

काकूसुद्धा म्हणाल्या, "नाई बाई, ते कायी यायले लागत नाई."

मृणालनं आमच्याकडे पाहिलं. गोठ्यात उभ्या असलेल्या तीन प्राण्यांकडे पाहावं तसं. मग ती आत गेली, आम्ही मागोमाग.

"काका, गोचीड लागली होती का?"

"मले?" डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले. "मले गोचीड लागत नाई."

"बरं. मंग आता मी तुमाले कायीच इचारत नाई."

ती खाटेच्या मागच्या बाजूनं गेली आणि डॉक्टरांच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, तिनं थाप मारली.

डॉक्टरांनी डोळे उघडले.

तिनं कान धरून उलटा केला. डोळ्याखालची कातडी ओढली. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मनगटं उलटी केली. तळहातांवर बारीक लाल ठिपके होते, पायांच्या घोट्यांवरही. काखा पाहिल्या, गुडघ्यांच्या लवणी पाहिल्या. डॉक्टर मुकाट्यानं सगळं करू देत होते. तापातही त्यांची नजर तिच्या बोटांवर होती, एखाद्या जुन्या गवयानं नव्या पोरीचा सूर ऐकावा तशी. मग तिचा हात दुपट्ट्याकडे गेला आणि डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी पकडला.

"हे राहू दे. थंडी वाजते."

"काका, सोडा."

"राहू दे म्हनतो ना!"

"सोडा!" काकू ओरडल्या. असा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे आम्हालाच काय, डॉक्टरांनाही ठाऊक नसावं. हात सुटले. दुपट्टा निघाला.

मानेवर, केसांच्या मुळाशी, एक काळी खपली होती. भोवती लाल गोल. आणि दुपट्ट्यातून एक वास सुटून खोलीभर पसरला.

जोशींनी नाक वर केलं. तो वास ते जन्मात विसरणार नव्हते.

"रॉकेल?" ते म्हणाले.



"जोशी," डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "बाहेर जा."

जोशी गेले नाहीत.

डॉक्टर भिंतीकडे पाहत पुटपुटले, "चिमटा मांगं पोचे ना. आरशात उलटं दिसते. दोनदा धरली, सुटली. मंग पंपाजवळ जुनी बाटली होती..."

"सालदाराले सांगाचं होतं ना!" काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे गळत होते आणि आवाज तापला होता. "तो काय तुमचा चिमटा खात होता?"

"त्याच्यासमोर मान वाकवून उभा राहू?" डॉक्टर म्हणाले. "ढोरावानी?"

त्या पाराशी, त्या नळाजवळ, दूधवाल्याच्या देखत, शाळेच्या रिक्षेच्या देखत आम्ही सगळे कसे उभे राहायचो, ते एकेकाच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. जोशींच्या तर नक्कीच. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा माणूस सगळी उधारी वसूल करणार. जोशी म्हणाले, "पाणी देऊ का थोडं?" आणि डॉक्टरांच्या ओठांना ग्लास लावला. यापेक्षा वाईट सूड मी पाहिलेला नाही.

मृणालनं गोळ्या मागवल्या. डॉक्टरांनी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं.

"हे तं आमी वासरांले टोचत होतो. तसलंच."

"त्याच घरान्यातली हाये, काका."

"मंग आल्यापासून काहून नाई देली?"

"तुमी सांगतलं नाई म्हनून."

"बैल सांगते का?"

"बैल लपवत नाई," मृणाल म्हणाली.

डॉक्टरांनी गोळी गिळली, उशीवर डोकं टेकलं आणि काकूंना म्हणाले, "हे पोट्टी झाली बरं डॉक्टर."

दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे दात पाहिले, तेव्हा काकूंनी देवाला हात जोडले.

पश्चात्ताप वगैरे झाला असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही ढोले डॉक्टरांना ओळखत नाही. अमरावतीला परतल्यावर महिन्याभरात घटनेचा सुधारित मसुदा पाराशी तयार झाला. त्यात गोचीड नरनाळ्याची होती, म्हणजे जंगली, बिबट्याच्या रक्तावर वाढलेली. तिला कडू गोडातला फरक कळत नव्हता. त्यात रॉकेल नव्हतंच. जोशी तिथेच बसून ऐकत. फक्त डॉक्टर बोलता बोलता जवळ आले की ते सावकाश, खोल, नाकानं श्वास घेत. डॉक्टरांचं वाक्य तिथे तुटे. या दोघांत इतकी मैत्री पूर्वी कधी नव्हती.

रविवारची रांग पुन्हा सुरू झाली. थाप, कान, मान, चिमटा, तंबी, सगळं तसंच. तंबीतलं शेवटचं वाक्य तेवढं गळालं. आणि डॉक्टरांनी रांगेत उभं राहावं, असं सुचवायची हिंमत आमच्यात अजूनही नव्हती. काकू रात्री त्यांची मान पाहत असतील, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली.

मग काकूंचे गुडघे बसले आणि त्यांच्या पुण्यातल्या मुलानं दोघांना कायमचं न्यायचं ठरवलं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली बाग, बागेत हिरवळीवर चालू नये अशी पाटी. "तठी गोचीडबी वर येनार नाई, लिफ्टमदे गुदमरून मरन," डॉक्टर म्हणाले. शेत सालदाराला बटाईनं दिलं. पेटी मृणालला दिली. चिमटा मात्र खिशात ठेवला.

निघायच्या सकाळी सगळी मंडळी त्यांच्या फाटकाशी आली. रविवार नव्हता, कोणी जंगलात गेलं नव्हतं, तरी न सांगता रांग झाली. डॉक्टरांनी एकेकाला थाप मारली, कान उलटा केला, मान पाहिली. जोशींची मान जरा जास्त वेळ पाहिली. "जर्सी असून टिकले," म्हणाले. मुलगा गाडीचा हॉर्न वाजवत होता. काकू आधीच आत बसल्या होत्या आणि पदरानं तोंड पुसत होत्या.

रांगेच्या शेवटी मी होतो. माझी मान पाहून झाली, थाप बसली. पण डॉक्टर गाडीकडे वळले नाहीत. त्यांनी खिशातून चिमटा काढून माझ्या हातात दिला, गळ्यातला दुपट्टा काढला, माझ्याकडे पाठ केली आणि भर रस्त्यावर, दूधवाल्याच्या देखत, मान वाकवली.

"पाय," ते म्हणाले. "इचारू नको काही."

मी आधी थाप मारली. मग कॉलर खाली केली. मान सुरकुतलेली होती, केस पांढरे, विरळ. त्यांच्या मुळाशी, खपली होती तिथे, मसुरीच्या डाळीएवढा पांढरट वण होता. तो माझ्या अंगठ्याखाली स्पष्ट लागत होता. जोशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनाही दिसला.

"काय हाये?" डॉक्टरांनी विचारलं.

मी जोशींकडे पाहिलं. जोशींनी श्वास रोखून धरला होता.

"काही नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

डॉक्टर सरळ झाले. दुपट्टा गळ्यात टाकला आणि सगळ्या रांगेकडे एकदा पाहून घेतलं.

"मंग!" ते म्हणाले. "म्या काय सांगून राहिलो होतो इतके वर्स? माह्यं रक्तच कडू हाये."

आणि गाडीत जाऊन बसले.